एक जूनची माणसं

पासपोर्ट केंद्राच्या दारात कागद बघणाऱ्या मुलाने अम्माची जन्मतारीख मोठ्याने वाचली. "एक जून एकसष्ट." आमच्या मागे हजला जायची तयारी करणारं एक वयस्कर जोडपं उभं होतं. त्यातले चाचा लगेच म्हणाले, "हमारी भी एक जून." चाचींचीही तीच निघाली, साल तेवढं वेगळं. त्यांच्या मागे मंगळवेढ्याकडचे एक आजोबा होते, लेकाकडे कॅनडाला निघालेले. ते बोलले काहीच नाहीत, हातातलं आधार कार्ड आमच्यापुढे धरलं. तिथेही एक जून.

त्या मुलाला यात काही नवल वाटलं नाही. रोजच बघत असणार. माझ्या मात्र पोटात कालवलं, कारण ही तारीख कुठून येते ते मला ठाऊक आहे. ती माझ्यासारख्यांच्या हातून येते.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. दरवर्षी जूनमध्ये पहिलीचे प्रवेश होतात आणि जनरल रजिस्टरात मुलाचं नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख, जन्माचं गाव लिहिलं जातं. आता हातात जन्मदाखला असतो. पूर्वी नसायचा. पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचला की ते सहा वर्षांचं झालं असं धरायचं, आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून तारीख एक जून टाकायची. गुरुजींचं काम तेवढ्यावर भागायचं. पण रजिस्टरातली ओळ रजिस्टरात राहत नाही. ती शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते, तिथून रेशन कार्डावर, मतदार यादीत, आधारवर, पॅनवर. साठ वर्षांनी ती पासपोर्टच्या फॉर्मवर येऊन बसते आणि तोवर तिला कुणी हलवू शकत नाही.

अम्माचा खरा जन्म रथाच्या आदल्या दिवशीचा. रथ म्हणजे मार्कंडेय महामुनींचा. नारळी पौर्णिमेला आमच्या पूर्व भागातून तो निघतो तेव्हा सगळं पद्मशाली सोलापूर, म्हणजे आम्ही तेलुगू विणकर माणसं, रस्त्यावर असतं. आदल्या रात्री घराघरांत रांगोळ्या, पाहुणे, नव्या कपड्यांचा वास; त्या गडबडीत अव्वाला, म्हणजे माझ्या आजीला, कळा सुरू झाल्या, एवढं अम्माला सांगितलं गेलंय. साल कुठलं ते कुणालाच नक्की माहीत नाही.

तारखेचं दुःख अम्माला कधी वाटलं नाही. नावाचं मात्र वाटत आलंय, आणि ते मला या पासपोर्टच्या निमित्ताने कळलं.

आमची माणसं तेलंगणातून आली, मागांच्या आणि गिरण्यांच्या कामाला. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड, चौकात दखनी उर्दू. सोलापूरच्या पोराला याचं ओझं होत नाही, तोंडातल्या तोंडात भाषा बदलते. ओझं होतं ते कागदावर. तेलुगू बाईचं नाव बहुतेक वेळा 'अम्मा'ने संपतं. मराठी लिहिणाऱ्याला ते नाव वाटायचंच नाही, कुणी आईला हाक मारल्यासारखं वाटायचं. मग तो आपल्या सवयीने 'बाई' लावायचा. नरसम्माची नरसाबाई, राजम्माची राजाबाई, यल्लम्माची यल्लाबाई. माझी अम्मा अशांतलीच एक. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे, आणि आधीच फार लोकांनी तिला न विचारता लिहिलंय.

पहिली-दुसरी ती तेलुगू शाळेत होती. मग घर बदललं, तिसरीला मराठी शाळेत नाव घातलं, आणि तिथल्या गुरुजींनी रजिस्टरात 'बाई' लिहिलं. साल रजिस्टरप्रमाणे १९६९. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा देशाचा कायदाही त्याच सालचा, हे मला फॉर्म भरताना वाचलेल्या माहितीतून कळलं आणि मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. चौथी झाल्यावर अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसली. 'बाई' कायमची राहिली.

आडनावाचा घोळ आणखी निराळा. तेलुगूत आडनाव आधी येतं. त्याला 'इंटि पेरु' म्हणतात, म्हणजे घराचं नाव. आधी घर सांगायचं, मग माणूस. मराठीत माणूस आधी, मधे बाप नाहीतर नवरा, घर शेवटी. पासपोर्टच्या फॉर्मला मधलं नाव ठाऊकच नाही. त्याच्याकडे दोनच रकाने, एक आडनावाचा, एक बाकीच्या नावाचा. त्यामुळे महाराष्ट्रात आपण नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव स्वतःच्या नावाला जोडून बाकीच्या नावाच्या रकान्यात कोंबतो. कोपऱ्यावरच्या एका दुकानात पैसे देऊन आधी फॉर्म भरून घेतला होता, तर त्या माणसाने माझ्या नायनांचं, म्हणजे वडिलांचं, नाव आडनावाच्या रकान्यात टाकलं आणि आडनाव खाऊन टाकलं. मी तो फॉर्म रद्द केला आणि मे महिन्याच्या सुट्टीत स्वतः बसले.

सगळे कागद जमिनीवर मांडले. आधारवर इंग्रजीत नावाच्या शेवटी डबल ए, पॅनवर एकच ए, बँकेच्या पासबुकात पहिल्या ए-च्या जागी यू. विडी कामगाराच्या ओळखपत्रावर मात्र 'अम्मा' होतं. तो कागद लिहिणारा बहुधा आमच्यापैकीच कुणी असावा. देवनागरीत एकच 'आ' असतो. इंग्रजीत तो लिहायचे किती प्रकार, आणि प्रत्येक प्रकार म्हणजे सरकारदरबारी एक वेगळी बाई. आधार आणि पॅन एकसारखं करून घेण्यात दोन आठवडे गेले. डिसेंबर २०१६ नंतर नियम पुष्कळ सैल झालेत, नाहीतर आमचं अवघड होतं. जन्मतारखेला आता आधार किंवा पॅन चालतं, आई-वडिलांपैकी एकाचं नाव पुरतं, लग्नाचा दाखला मागत नाहीत, प्रतिज्ञापत्रं साध्या कागदावर देता येतात. अम्माच्या पिढीतल्या बायकांकडे ना जन्माचा कागद ना लग्नाचा. त्यांना दार उघडलं ते या बदलांनी, असं मी मानते.

फॉर्ममध्ये एक प्रश्न येतो: तुम्ही दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखले जाता का? हो किंवा नाही. मी अम्माला तो मराठीत वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले. "दुसरं कुठलं?" तिने विचारलं. "हे कागदावरचंच दुसरं आहे की."

मी 'हो'वर बोट नेलं आणि थांबले. 'हो' म्हटलं की ते नाव लिहावं लागणार, त्याला कागद लागणार, आणि आमच्याकडे होतं एक विडीचं कार्ड. तिनेच म्हटलं, "राहू दे. अडकायला नको. लेकराकडे जायचंय." मी 'नाही' भरलं. आजही तो प्रश्न आठवला की मला वाटतं, मी चुकले. तिच्या बाजूने एक कागद उभा होता, मी तो घेऊन भांडायला हवं होतं.

लेकरू म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो मस्कतला शिंपीकाम करतो. इथे नववीत शाळा सोडून रेडीमेडच्या कारखान्यात बसला, युनिफॉर्म शिवता शिवता कटिंग मास्टर झाला आणि २०११ साली गेला. दहावी नाही म्हणून त्याच्या पासपोर्टवर ईसीआर होतं, म्हणजे एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड. कमी शिकलेला माणूस आखातात कामाला जाताना फसवला जाऊ नये म्हणून सरकारने आधी त्याची कागदपत्रं बघावीत, असा १९८३ च्या कायद्यामागचा हेतू. हेतूबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालं की अशा लोकांच्या पासपोर्टचं कव्हरच नारिंगी करणार. भावाने रात्री फोन केला. तीन वर्षं परदेशात राहिलेल्यांना ईसीआरमधून सूट मिळते, त्यामुळे त्याला स्वतःला धास्ती नव्हती. त्याच्या खोलीत नवीन आलेली पोरं होती, त्यांच्यासाठी तो बोलत होता. "विमानतळावर लांबूनच दिसणार ना गं, हा शिकलेला नाही." महिना संपायच्या आत, ३० जानेवारीला, तो निर्णय मागे घेतला गेला. सगळ्यांचं पुस्तक निळंच राहिलं. त्या वेळी ज्यांनी विरोध केला त्यांचे मला आजही आभार मानावेसे वाटतात.

अम्मा चौथी पास, पण पन्नाशी ओलांडलेल्यांना ईसीआर लागत नाही. साठीच्या पुढे असल्यामुळे नव्या पासपोर्टला दहा टक्के सूटही मिळाली. पंधराशेचे साडेतेराशे झाले. तिने ते दोनदा विचारून खात्री केली.

माझा अर्ज तिच्यासोबतच होता, नूतनीकरणाचा. भावाच्या आग्रहाने २०१५ मध्ये मी पासपोर्ट काढला होता. मग शाळेतून रजा निघेना, मग नायना आजारी पडले, मग कोरोना, मग नायना गेले. दहा वर्षं संपली आणि छत्तीसच्या छत्तीस पानं कोरी राहिली. नूतनीकरणात जुनं पुस्तक कोपरा कापून, 'कॅन्सल्ड' असा शिक्का मारून परत देतात. त्याच्या शेवटच्या पानावर आईचं नाव असतं. दहा वर्षं माझ्या कपाटात अम्माचं नाव चुकीच्या स्पेलिंगने पडून होतं आणि मी ते एकदाही नीट वाचलं नव्हतं. मुलांच्या वहीतली वेलांटी मला लांबून दिसते.

केंद्रात गर्दी होती पण गोंधळ नव्हता. टोकन, मग फोटो, मग बोटांचे ठसे, मग कागद बघणारे अधिकारी. ठशांपाशी आम्ही अडकलो. चाळीस वर्षं अम्माने विड्या वळल्या. तेंदूचं पान भिजवायचं, पत्र्याच्या मापाने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, अंगठा आणि दोन बोटांत गुंडाळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. दिवसाला हजार. कारखान्यात चेकर त्यातल्या किती बाजूला काढेल ते वेगळंच. एवढ्या पानांवर घासलेल्या बोटांवर रेषा राहत नाहीत. यंत्राने उजवा अंगठा घेतला नाही, तर्जनी घेतली नाही. तिने घाबरून जोर लावला. समोरच्या मुलीने ओलं फडकं आणलं, तिची बोटं एकेक करून पुसली आणि म्हणाली, "आजी, दाबायचं नाही. नुसतं ठेवायचं." चौथ्या वेळी आलं. ती मुलगी घाई न करता हे करत होती आणि मागे रांग उभी होती. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

मग सही. अम्मा सही करते ती तेलुगूत. तीन-चार गोल अक्षरं, शेवटी एक लांब शेपूट. आठवड्याच्या मजुरीच्या वहीत, माझ्या प्रगतिपुस्तकावर, बँकेत, सगळीकडे तीच. मला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. आमच्या पिढीतल्या पुष्कळांची हीच गत. लहानपणापासून ती सही मी चित्रासारखी ओळखते.

परतताना रिक्षा भैय्या चौकातून गेली. तिथे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. आमच्या शाळेची सहल दर दोन वर्षांनी तिथे जाते. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, युद्धातल्या जखमींची सेवा करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारला. अम्माला तो 'चीनला गेलेला डॉक्टर' म्हणून माहीत. मी तिला सांगितलं की चीनमध्ये त्याला 'के दिहुआ' म्हणतात. तिने विचारलं, "त्याला विचारून ठेवलं का?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांच्या मुलाचं नाव यिनहुआ होतं, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन, हे सांगितल्यावर मात्र ती म्हणाली, "हे छान ठेवलं."

१९३८ मध्ये पासपोर्ट द्यायचा की नाही ते इंग्रज सरकार ठरवायचं. स्वातंत्र्यानंतरही वीस वर्षं तो सरकारच्या मर्जीचाच मामला होता. एप्रिल १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, सरकारला वाटलं म्हणून कुणाला अडवता येणार नाही. मग घाईने कायदा झाला, २४ जून १९६७ पासून लागू. रजिस्टरप्रमाणे अम्मा त्याच जूनमध्ये सहा वर्षांची होऊन पहिलीत गेली. त्या हक्कापर्यंत पोचायला तिला अठ्ठावन्न वर्षं लागली. तो तिला कुणी नाकारला नव्हता. तो आहे, हेच आमच्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं.

पोलीस पडताळणीला आठ दिवसांनी एक हवालदार आले. दोन शेजाऱ्यांचे जबाब लागतात. एक समोरचे यंत्रमागवाले, ते लगेच सही करून गेले. दुसऱ्या आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कन्नड मावशी. त्या आणि अम्मा एकमेकींना अक्का म्हणतात. नायना गेले तेव्हा तेरा दिवस त्यांच्या घरून आमच्याकडे भाकरी आली.

"किती वर्षं ओळखता?" हवालदारांनी विचारलं.

"ही लग्न होऊन आली तेव्हापासून की."

"नाव काय यांचं?"

मावशी म्हणाल्या, "अक्का."

"कागदावरचं सांगा."

मावशींनी अम्माकडे बघितलं. मग माझ्याकडे. चाळीस वर्षांत त्यांना ते कधी लागलंच नव्हतं. हवालदार भले होते, त्यांनी पेन खाली ठेवलं आणि वाट बघितली. शेवटी अम्माच बोलली. खुर्चीत जरा सरळ होऊन तिने स्वतःचं नाव सांगितलं, घराचं नाव आधी आणि शेवटी 'अम्मा'. मी तिच्या तोंडून ते असं पूर्ण कधी ऐकलं नव्हतं.

हवालदारांनी फॉर्म बघितला. "इथे बाई आहे."

"तीच मी," अम्मा म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि लिहिलं. मावशी तोंडातल्या तोंडात ते नाव दोनदा म्हणून बघत होत्या.

पासपोर्ट जुलैत आला, स्पीड पोस्टाने. पोस्टमनने गल्लीच्या तोंडाशी कागदावरचं नाव पुकारलं, तेव्हा मावशीच आधी बाहेर आल्या आणि ओरडल्या, "अक्का, तुझंच नाव घ्यायलेत!" आधार दाखवून, वहीत ती गोल सही करून अम्माने पाकीट घेतलं. हात पदराला पुसले, मगच उघडलं.

ही पुस्तकं नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापतात, असं मी तिला सांगितलं. तिचं लक्ष नव्हतं. ती आतला हिंदी मजकूर अक्षर अक्षर लावून वाचत होती. राष्ट्रपतींच्या नावाने जगातल्या सगळ्यांना विनंती आहे की हे पुस्तक ज्याच्याकडे आहे त्याला अडवू नका, लागेल ती मदत करा आणि सांभाळा. तिने ते संपवलं आणि विचारलं, "हे सगळ्यांच्यात असतं का?" हो म्हटलं. "विडीवाल्या बायकांच्यात पण?" हो.

मग तिने फोटोचं पान काढलं. इंग्रजी छापील नावावर बोट ठेवून मला वाचायला लावलं. मी वाचलं. 'बाई'. तिचं बोट तिथून खाली सरकलं, फोटोच्या खाली, जिथे तिची सही छापून आली होती. तीन-चार गोल अक्षरं, लांब शेपूट.

"अम्मा, यात काय लिहिलंय?" इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदा विचारत होते.

तिला आधी कळलंच नाही मी काय विचारतेय. मग एकेका अक्षरावर नख टेकवत, पहिलीतल्या मुलाला शिकवावं तसं तिने मला वाचून दाखवलं. आधी घराच्या नावाचं पहिलं अक्षर. मग तिचं नाव. मग ते लांब शेपूट, तो 'म्मा'.

आम्ही दोघींनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा तिने माझं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं.

"त्याला सांग," पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून पीएफच्या कागदांशेजारी ठेवत ती म्हणाली, "तिकीट रथ झाल्यावरचं काढ."